पत्रा जुना, पृष्ठभाग नवा

रस्त्याकडेच्या वाहतूक फलकात दोन गोष्टी एकत्र नांदतात: मागचा पत्रा आणि त्यावर चढवलेला, डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग. दोघांचे आयुष्य मात्र सारखे नसते. ॲल्युमिनियमचा पत्रा गंजत नाही, कुजत नाही. एखाद्या वाहनाने ठोकरला नाही तर काही दशके सहज उभा राहतो. पृष्ठभाग उन्हाने विटतो, पावसाने सुटतो आणि बहुधा दहा-पंधरा वर्षांत रात्रीच्या कामातून जातो. जुने फलक नवे करण्याचा धंदा या तफावतीवर उभा राहिला. त्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पृष्ठभाग जितका टिकाऊ आणि तेजस्वी होत गेला तितका तो पत्र्यापासून सोडवणे कठीण झाले, आणि प्रत्येक नव्या शोधानंतर दुरुस्तीची जुनी रीत टाकून नवी शिकावी लागली.

मोटारींच्या आरंभकाळात हा प्रश्न नव्हता. युरोप-अमेरिकेतले सुरुवातीचे बरेचसे फलक सरकारने नव्हे, तर मोटार आणि सायकल हाकणाऱ्यांच्या क्लबांनी लावले. लाकडी फळी किंवा लोखंडी पत्रा, त्यावर तेलरंग. ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात फक्त चार धोक्यांची चिन्हे ठरली: वळण, चौक, रेल्वे फाटक आणि रस्त्यावरचा उंचवटा किंवा खळगा. रंग उडाला की खरवडायचा, अस्तर मारायचे आणि पुन्हा रंगवायचे. गावातला कोणताही रंगारी हे करू शके. रात्री फलक दिसावा ही अपेक्षा अजून कोणी केली नव्हती, कारण रात्री मोटार चालवणारे थोडे आणि तेही सावकाश जाणारे.

रंगाच्या या वार्षिक कटकटीवर पहिला उपाय निघाला तो काचेचा मुलामा, म्हणजे इनॅमल. रंगीत काचेची पूड लोखंडी पत्र्यावर पसरून तो साधारण आठशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत घातला की काच वितळून लोखंडाशी एकजीव होते. हा रंग उन्हाने फिका पडत नाही. पण एखादा दगड, किंवा अमेरिकेच्या ग्रामीण भागात बंदुकीची गोळी, लागली की टवका उडतो, उघड्या लोखंडावर गंज चढतो आणि तो मुलाम्याखाली पसरत जातो. असा फलक जागेवर दुरुस्त होत नाही. तो पुन्हा कारखान्यात न्यावा लागतो. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने हा प्रश्न मुळापासून टाळला. तिने पत्र्याऐवजी ओव्हेर्न्य भागातला ज्वालामुखीचा दगड कापला, त्यावर मुलामा भाजला आणि तो काँक्रीटच्या खांबात बसवला. दगडाला गंज कसला येणार? कंपनीने हे काम १९७१ साली थांबवले, तरी तिचे खांब फ्रान्सच्या आडरस्त्यांवर अजून वाचता येतात. टिकाऊपणात त्यांच्या तोडीचा फलक पुढे फारसा झाला नाही. मात्र त्यावरचे गावाचे नाव किंवा अंतर बदलायचे झाले तर अख्खा दगडच बदलावा लागे.

अमेरिकेत फलकांना शिस्त लागली ती १९२० च्या दशकात. १९१५ साली डेट्रॉइटमध्ये ‘थांबा’ सांगणारा पहिला फलक लागला तेव्हा तो पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा होता. १९२३ साली मिसिसिपी खोऱ्यातल्या राज्यांच्या महामार्ग खात्यांनी आकार ठरवले: रेल्वे फाटकासाठी गोल, थांबण्यासाठी अष्टकोन, धोक्याच्या इशाऱ्यासाठी टोकावर उभा केलेला चौकोन. रात्रीच्या अंधारात निदान आकारावरून तरी अर्थ कळावा, हा त्यामागचा एक हेतू होता. पुढच्याच वर्षी इशारा आणि ‘थांबा’ या दोन्ही फलकांना पिवळी पार्श्वभूमी ठरली. थांबण्याच्या फलकाला लाल रंग शोभतो हे तेव्हाही सगळ्यांना कळत होते, पण उन्हात टिकणारा लाल रंग हाताशी नव्हता. विटलेला लाल फलक रात्री काळाच दिसे. म्हणून अमेरिकेतला ‘थांबा’ १९५४ पर्यंत पिवळाच राहिला आणि टिकाऊ लाल पृष्ठभाग मिळाल्यावरच तो अधिकृतपणे लाल झाला.

दरम्यान मोटारींचे विजेचे दिवे प्रखर झाले, वेग वाढला आणि रात्रीचा प्रवास नित्याचा झाला. प्रत्येक फलकावर दिवा लावणे कोणालाच परवडणारे नव्हते. गाडीचाच प्रकाश घेऊन तो चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठवणारी वस्तू हवी होती. आरसा इथे उपयोगी पडत नाही, कारण तिरप्या आलेल्या प्रकाशाला तो भलत्याच दिशेला पाठवतो. प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवण्याचे, म्हणजे प्रतिपरावर्तनाचे, दोन मार्ग माहीत होते. पहिला काचेच्या गोळ्याचा: किरण गोळ्यात शिरताना वाकून मागच्या बाजूला एकत्र येतात आणि तिथून परतताना पुन्हा तसेच वाकून उगमाकडे जातात. दुसरा घनाच्या कोपऱ्याचा: एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांवर आदळलेला किरण, कसाही आला तरी, आल्या दिशेलाच फिरतो.

दोन्ही मार्गांनी आधी गुंड्या तयार झाल्या. १९२० आणि १९३० च्या दशकांत फलकाच्या अक्षरांमध्ये भोके पाडून त्यांत काचेच्या गोट्या बसवत. इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्सजवळच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्याच्या मध्यरेषेवर बसवायच्या ‘मांजराच्या डोळ्यां’चे पेटंट घेतले. चाक वरून गेले की रबर दबते आणि काच आपोआप पुसली जाते, हे त्यांतले कसब. देखभाल ज्याच्या रचनेतच आहे असे रस्त्यावरचे साधन विरळाच. अमेरिकेत जोनाथन स्टिम्सन यांनी घनकोपऱ्यांचे परावर्तक विकसित केले, आणि १९३८ साली मिशिगन राज्याने डेट्रॉइट ते लान्सिंग रस्त्याच्या कडेने असे प्लास्टिकचे परावर्तक लावले. अशा गुंड्या जडवलेली सुटी अक्षरे पुढे मोठ्या दिशादर्शक फलकांवर आली. दुरुस्तीच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची होती. गुंडी फुटली तर गुंडी बदला, अक्षर वाकले तर रिव्हेट काढून नवे अक्षर बसवा, गावाचे नाव बदलले तर अक्षरांची जुळणी बदला. मागच्या पत्र्याला हात लावायचे कारण नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने मुलाम्याच्या पत्र्यावर गुंड्यांची अक्षरे हीच पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत धरून ठेवली. तिला जुनाट म्हणणारे पुष्कळ होते. दुरुस्ती खात्यातल्या माणसांनी मात्र ती उगीच जपली नसावी.

खरा बदल घडवला तो काचमण्यांच्या पातळ पापुद्र्याने. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरी मुख्यालय असलेली थ्री-एम कंपनी तेव्हा प्रामुख्याने पॉलिश पेपर आणि चिकटपट्ट्या बनवत होती. कणांचा एकसारखा थर चिकट पृष्ठावर बसवण्याची कला तिच्याकडे होतीच. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथले हॅरी हेल्ट्झर, जे पुढे कंपनीचे प्रमुख झाले, वाळूच्या जागी बारीक काचमणी घेऊन रस्त्यावर चिकटवायची चमकती पट्टी करू पाहत होते. चाकांखाली आणि बर्फात ती पट्टी टिकेना. मग तेच तंत्र उभ्या फलकाकडे वळले आणि १९३९ साली मिनियापोलिस भागात ‘स्कॉचलाइट’चा पहिला वाहतूक फलक लागला. रस्त्यासाठी फसलेली वस्तू फलकासाठी नेमकी बसली, कारण फलकावरून कोणी गाडी नेत नाही.

पहिल्या पापुद्र्यांत मणी अर्धे उघडे असत. कोरड्या रात्री ते छान चमकत, पण पावसात मण्यांवर पाण्याचा थर बसला की प्रकाश वाकण्याचे गणित बिघडे आणि फलक विझल्यासारखा होई. मण्यांच्या खोबणींत धूळही साचे. १९४० च्या दशकात मणी पूर्णपणे पारदर्शक राळेत बुडवून वरचा पृष्ठ गुळगुळीत करण्यात आला. त्यासाठी जास्त वक्रीभवनांकाची, सुमारे २.२ ची, खास काच लागली आणि मण्यांमागे ठरावीक अंतरावर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर द्यावा लागला. आता पाऊस बाहेरच राहिला. ‘इंजिनिअर ग्रेड’ नावाने जगभर गेलेला हाच तो पापुद्रा.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रवासात दोन गमतीशीर वळणे आणली. ब्रिटनने १९४० साली जर्मन आक्रमणाच्या भीतीने दिशादर्शक फलक आणि गावांच्या नावाच्या पाट्या काढून टाकल्या. शत्रूला वाट सापडू नये म्हणून स्वतःच्याच लोकांची वाट चुकवण्याचा हा प्रकार होता. धोका ओसरल्यावर जुने बाण रंगवून पुन्हा उभे करणे हे तिथल्या कौंटी खात्यांचे काम होऊन बसले. अमेरिकेत १९४२ साली फलकांच्या राष्ट्रीय नियमावलीची युद्धकालीन आवृत्ती निघाली. पोलाद आणि इतर धातू वाचवायचे असल्याने लाकूड आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्या वापरात आल्या, आणि आहे तोच पत्रा पुन्हा वापरणे ही चैन न राहता गरज झाली.

युद्धानंतर विमान कारखान्यांनी वाढवलेली ॲल्युमिनियमची उत्पादनक्षमता मोकळी झाली. फलकांसाठी पोलाद मागे पडून ॲल्युमिनियम आले, आणि नूतनीकरणाचा आजचा धंदा इथून सुरू झाला. पत्रा आता महाग आणि जवळजवळ अमर होता. जुना पापुद्रा काढून नवा चढवला तर पत्र्याचे पैसे वाचत. अडचण होती डिंकाची. सुरुवातीचे पापुद्रे उष्णतेने चिकटत. पत्रा टेबलावर ठेवायचा, वर पापुद्रा, त्यावर रबरी पडदा. आतली हवा पंपाने शोषून घ्यायची आणि वरून दिव्यांची धग द्यायची. असा बसलेला थर वीस वर्षांनंतरही पत्र्याला सोडत नाही. तो सोलला जात नाही, नखाएवढ्या ठिसूळ कपच्यांनी तुटतो. पुढे दाबाने चिकटणारे पापुद्रे आले. मागचा कागद सोलून दोन रुळांमधून पत्र्यासह काढले की काम झाले. बसवणे सोपे झाले, काढणे तितकेच अवघड राहिले.

जुना थर काढण्याच्या तीन पद्धती रूढ झाल्या. घासपट्ट्याच्या यंत्रातून पत्रा काढणे ही सगळ्यांत सरळ. पण दर खेपेला पत्रा थोडा झिजतो, त्यावर चरे उमटतात आणि कारखान्यात दिलेला क्रोमेटचा संरक्षक लेपही जातो. रसायनांच्या हौदात भिजवणे ही दुसरी. तिने पत्रा शाबूत राहतो, मात्र हौदाच्या तळाशी शिसे आणि क्रोमियमयुक्त जुन्या रंगांचा विषारी गाळ साचतो आणि त्याची विल्हेवाट हाच मोठा खर्च होतो. तिसरी, पर्यावरणाचे कायदे कडक झाल्यावर विशेष पसंतीला आलेली, अतिउच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याची. नुसत्या पाण्याने पापुद्रा, डिंक आणि शाई उडून जाते आणि पत्रा पुन्हा वापरता येतो. त्यानंतर वाकलेल्या कडा ठोकून सरळ करायच्या, जास्तीची भोके असलेले पत्रे बाजूला काढायचे किंवा लहान आकारात कापायचे, मग तेलकटपणा धुऊन काढायचा. धुतलेल्या पत्र्यावर पाणी ओतले आणि ते सलग पसरले तर पत्रा तयार. थेंबाथेंबांनी फुटले तर पुन्हा धुणे आले. कारागीर या साध्या कसोटीवर जितका विसंबतो तितका कोणत्याही यंत्रावर नाही.

जुन्या पापुद्र्यावरच नवा चिकटवण्याचा मोह प्रत्येक पिढीला झाला आणि प्रत्येक पिढीने तो अनुभवाने सोडला. खालचा थर सुटला की वरचा नवा कोरा थरही त्याच्याबरोबर येतो. महामार्गावर आडवे टांगलेले प्रचंड फलक उतरवणे मात्र खरोखर जिकिरीचे, म्हणून त्यांच्यावर नव्या पृष्ठभागासह पातळ ॲल्युमिनियमचे तावच रिव्हेटने ठोकण्याची प्रथा पडली. रात्री काही तास रस्त्याची एक मार्गिका बंद करून हे काम उरकते. अमेरिकेच्या काही राज्यांत फलकांचे कारखाने तुरुंगांत आहेत. नॉर्थ कॅरोलायनातला बन गावचा कारखाना त्यांपैकी एक. रस्त्यावर मोकळेपणी जाणाऱ्यांसाठीच्या खुणा बंदिवानांच्या हातून घडतात, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

पापुद्र्याची प्रगती थांबली नव्हती. १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘हाय इंटेन्सिटी’ पापुद्रा आला. त्यात मणी हवेच्या पोकळीत ठेवून वर पारदर्शक पडदा ताणला होता आणि पोकळी सहा कोनांच्या किंवा तशाच बारीक कप्प्यांत विभागली होती. एका कप्प्यात पाणी शिरले तर शेजारचे वाचावेत ही योजना. त्याच सुमारास कनेक्टिकटमधल्या रोलंड बंधूंनी घनकोपऱ्यांचे अतिसूक्ष्म लोलक प्लास्टिकवर साच्याने उमटवण्याचे तंत्र बाजारात आणले आणि १९८९ साली थ्री-एमचा ‘डायमंड ग्रेड’ आला. लोलकांचा पापुद्रा मण्यांच्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे नूतनीकरण म्हणजे पूर्वस्थिती आणणे हा अर्थच उरला नाही. जुन्या पत्र्यावर मूळच्यापेक्षा वरचा दर्जा बसू लागला.

फलक कधी बदलायचा हे मात्र बराच काळ डोळ्यांच्या अंदाजावर चालले, आणि तेही दिवसाच्या डोळ्यांच्या. दिवसा ठणठणीत दिसणारा फलक रात्री मेलेला असू शकतो. लाल फलकाचे दुखणे तर उलटेच: लाल शाई विटत गेली की ती पातळ होऊन खालचा पांढरा थर जास्त चमकू लागतो आणि पांढरी अक्षरे त्यात बुडतात. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने डिसेंबर २००७ मध्ये किमान परावर्तनाचा नियम जाहीर केला, तेव्हा ‘थांबा’च्या फलकासाठी पांढऱ्याला किमान ३५ आणि लालला किमान ७ एकके हवीत, शिवाय पांढरा लालच्या निदान तिप्पट हवा, अशी दुहेरी अट घातली ती यामुळेच. तपासणीच्या मान्य पद्धतींपैकी एक वाचताना गंमत वाटते. साठ वर्षांचा किंवा त्याहून वयस्क निरीक्षक रात्री ठरावीक प्रकारच्या गाडीतून फिरवायचा आणि त्याला फलक नीट वाचता येतो का ते पाहायचे. तरुण डोळ्यांना पुरेसा वाटणारा प्रकाश साठीच्या डोळ्यांना पुरत नाही, हे ओळखून केलेला हा नियम यंत्राच्या आकड्यापेक्षा शहाणपणाचा आहे. सगळे जुने फलक बदलण्यासाठी २०१५ आणि २०१८ या मुदती आधी घातल्या होत्या. खर्चाची ओरड झाल्यावर २०१२ साली त्या काढून टाकल्या गेल्या आणि देखभालीची पद्धत ठरवून ती पाळण्याचे बंधन तेवढे राहिले.

भारतात रस्त्यांचा एकत्रित विचार सुरू झाला तो बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीपासून. तिच्या शिफारशींमधून पुढे डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. फलक लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने दिला आणि त्यांच्या मांडणीची संहिता रोड्स काँग्रेसने १९७७ साली काढली. नंतर २००१, २०१२ आणि २०२२ या वर्षांत तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. भारताने १९८० साली व्हिएन्नाच्या चिन्हविषयक करारात प्रवेश केला. पण संहिता काहीही म्हणो, कित्येक दशके राज्याराज्यांतले फलक रंगाऱ्याच्या कुंचल्यावरच जगले. लोखंडी पत्रा, त्याला लाल अस्तर, वर इनॅमल रंगाचे दोन हात, आणि अक्षरे हाताने किंवा स्टेन्सिलने. मैलांचे किलोमीटर झाले तेव्हा मैलाच्या दगडांचे आणि फलकांचे आकडे याच रंगाऱ्यांनी बदलले. हे नूतनीकरण स्वस्त होते, त्याचा हिशेब सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नेहमीच्या रंगकामात मुरून जाई. रात्री तो फलक अदृश्य असे, एवढाच त्याचा दोष.

परावर्तक पापुद्रा, ज्याला बाजारात सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, मोठ्या प्रमाणावर आला तो राष्ट्रीय महामार्गांच्या रुंदीकरणाबरोबर आणि २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यांबरोबर. त्याच्यामागे ॲल्युमिनियमचा पत्रा आला आणि पत्र्यामागे भंगारवाला. अमेरिकेत पत्र्याची किंमत हे त्याच्या पुनर्वापराचे कारण ठरले. इथे तेच त्याच्या चोरीचे कारण झाले. एका रात्रीत फलक जातो आणि खांब उरतो.

महाराष्ट्रात फलकांच्या दुरुस्तीचे एक मोठे निमित्त मात्र झीज नसून नामांतर आणि क्रमांकबदल हे आहे. १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले, तेव्हा देवनागरी ओळीला हात लावायची गरज नव्हती. ती आधीपासून मुंबईच होती. रोमन ओळ तेवढी झाकावी लागली. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले गेले. मुंबई-पुणे रस्त्याचा ४ क्रमांक जाऊन ४८ आला आणि कोकण-गोव्याकडे जाणाऱ्या १७ चा ६६ झाला. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नावांनी दोन्ही लिप्यांतल्या ओळी बदलल्या, आणि ‘औरंगाबाद’पुरत्या आखलेल्या जागेत त्याहून लांब नाव बसवताना अक्षरे आक्रसावी लागली. असे बदल बहुधा ठिगळाने होतात: जुन्या शब्दावर त्याच रंगाच्या पापुद्र्याची पट्टी. दिवसा ती जेमतेम ओळखू येते. रात्री दिवे पडले की नवा तुकडा झळाळतो आणि सभोवतालचा जुना भाग मंद पडतो. पट्टी वेगळ्या दर्जाची असेल तर ती कोनागणिक कमी-जास्त उजळते. नियमाने बघता संपूर्ण फलकाचा पृष्ठभाग एकाच वेळी बदलायला हवा. ठिगळ हा तात्पुरता उपाय ठरतो.

अलीकडे चोरीला आळा म्हणून आणि खर्च कमी म्हणून भरीव ॲल्युमिनियमऐवजी संमिश्र तक्ता वापरात आला आहे. प्लास्टिकच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा कागदासारखा पातळ पत्रा असतो. भंगारात त्याला भाव नाही, म्हणून तो जागेवर राहतो. पण घासपट्टा त्याचा पातळ थर खाऊन टाकतो, पाण्याचा जोरदार फवारा तो फाडतो आणि रसायने गाभ्यात शिरतात. त्याचा पापुद्रा उतरवून नवा चढवणे परवडत नाही. पृष्ठभाग संपला की तक्ताही टाकून द्यावा लागतो. डिजिटल छपाई आणि वरून चढवायचा पारदर्शक संरक्षक पडदा यांमुळे नवा फलक काही तासांत तयार होतो, त्यामुळे जुना सोलत बसण्याचे कारण आणखी कमी झाले आहे. भरीव पत्र्यांचे साठे ज्या खात्यांकडे आहेत तिथे सोलणे-चढवणे चालू आहे, तर ब्रिटनसारख्या देशात ओतीव लोखंडाचे जुने बाणफलक वारसा म्हणून जपण्याचे मार्गदर्शन वाहतूक खात्यानेच २००५ साली दिले असून त्यांना आजही परावर्तक पापुद्रा न लावता हाताने काळा-पांढरा रंग दिला जातो.